‘कल से मत आना’वर शिक्का कोण मारणार?

मंगळवारी एक बाई भेटायला आली. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात, फोल्डिंग खात्यात तीन वर्षं ठेकेदाराकडे कामाला होती. प्लास्टिकच्या पिशवीत हजेरी कार्ड, ईएसआयचं पहचान कार्ड, बँकेचं पासबुक, सगळं घडी घालून ठेवलेलं. मोबाइलवर ठेकेदाराच्या माणसाचा निरोप होता: ‘कल से मत आना, माल नही जा रहा।’ नोकरी गेल्याचा तिच्याकडे तेवढाच पुरावा. ‘भाऊ, याच्यावर शिक्का कोन मारून देईन?’ तिने विचारलं. जिथे गेली तिथे तिच्याकडे कागद मागितला होता.

ठेकेदारी कामगारांच्या कागदांवर मी या जागेत पुष्कळदा लिहिलं आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण माल का जात नाही हे सरकारला ठाऊक आहे. अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा दिल्लीने हालचाल केली. कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत माफ झालं. नोव्हेंबरमध्ये 25,060 कोटींचं निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर झालं, शिवाय निर्यातदारांच्या कर्जाला 20,000 कोटींपर्यंतची हमी. मला त्याची तक्रार नाही, कारखाना टिकला तर काम टिकेल. पण या बाईच्या सासरी समुद्रपूरकडे चार एकर कापूस आहे. शुल्कमाफीने तिच्या सासऱ्याच्या कापसाचा भाव पडला आणि ज्या कारखान्यासाठी ती माफी दिली तिथून सून घरी आली. विदर्भातल्या घरांना असा दुहेरी फटका बसतो, असं मी कधीपासून सांगतो आहे.

कामगाराला काहीच नाही असं नाही. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, विमाधारकाला दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो, पहिलं वर्ष पगाराच्या निम्मा, दुसरं वर्ष पाव. मात्र कारखाना कायद्याने बंद झालेला हवा किंवा कामगाराची रीतसर कपात झालेली हवी. इथे दोन्ही नाही. कारखाना चालू आहे, ठेकेदार जागेवर आहे, फक्त ‘उद्यापासून येऊ नको’. मग उरते अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: निम्मा पगार, 90 दिवस, आयुष्यात एकदा. हिचा पगार बारा हजार, म्हणजे हाती सगळे मिळून अठरा हजार. त्यातही ठेकेदाराने वर्गणीचे दिवस पूर्ण भरलेले असले तर. 2018 मध्ये ही योजना दोन वर्षांच्या प्रयोगासाठी सुरू झाली, तेव्हापासून मुदतवाढीवर चालते आहे.

आता अमेरिकेचा कायदा पाहा. परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना मदत करण्याची व्यवस्था तिथे 1962 मध्ये, केनेडींच्या काळात झाली. पहिली सात वर्षं एकही अर्ज मंजूर झाला नाही, म्हणून 1974 मध्ये अटी सैल केल्या. मला त्यातली एकच तरतूद फार मोलाची वाटते. एका कारखान्यातल्या कुठल्याही तीन कामगारांनी अर्ज करावा, पुढची चौकशी सरकारने करायची. कंपनीची विक्री किती घटली, आयात किती वाढली, काम परदेशी गेलं का, हे सगळं कामगार खात्याने कंपनीकडून काढून घ्यायचं. कामगाराने फक्त ‘आमचं काम गेलं’ एवढं सांगायचं. मंजुरी मिळाली की प्रशिक्षण, भत्ता, आणि पन्नाशी उलटलेल्याला नवा पगार कमी पडला तर फरकाचा काही भाग. ती व्यवस्थाही अमेरिकेने 1 जुलै 2022 पासून नव्या अर्जांसाठी बंद केली. तरी कारण शोधायची जबाबदारी कोणाची, हे तिने साठ वर्षं दाखवलं.

आपल्याकडे ही जबाबदारी पहिल्यापासून कामगारावर. 1986 च्या वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधीत तीन वर्षं मदत होती, पगाराच्या 75, 50, 25 टक्के. आजच्यापेक्षा किती उदार! पण गिरणी खासगी हवी आणि सरकारी मंजुरीने कायमची बंद झालेली हवी. नवी औद्योगिक संबंध संहिता कपात झालेल्याला पुनर्कौशल्य निधीतून पंधरा दिवसांचा पगार देते, तोही कपातीच्या कागदावर.

माझं म्हणणं सोपं आहे. निर्यातीची शिपिंग बिलं कस्टम्सकडे असतात. कुठल्या कारखान्याचा माल कोणत्या महिन्यात किती घटला, हे सरकार बसल्या जागी पाहू शकतं. नागपूरच्या कामगार आयुक्तालयात तीन कामगारांचा अर्ज घ्या, आकडे तपासा आणि कारणाचा कागद सरकारने स्वतः द्यावा. त्याच कागदावर ठेकेदारी कामगारालाही दोन वर्षांचा भत्ता मिळावा.

निघताना बाईने हजेरी कार्ड पुन्हा पिशवीत ठेवलं. कडा झिजलेल्या, शेवटच्या आठवड्याच्या चौकोनांत सह्याच नाहीत. सोमवारी ती परत चकरा मारायला निघणार आहे. फोल्डिंगमधल्या आणखी दोघी सोबत आहेत.