गवताच्या बेटाचे राखणदार

मराठीत ‘बेट’ हा शब्द समुद्राने वेढलेल्या भूमीला जितका सहज लागतो तितकाच परसातल्या बांबूच्या दाट जुडग्यालाही लागतो, आणि या दोन अर्थांचा असा विलक्षण संगम इलिनॉय प्रांतातील नेपरव्हिल या नगरापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत पाहावयास मिळेल असे आम्हास येथे येण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर त्यावर विश्वास बसला नसता. बटेव्हिया गावाजवळ फर्मिलॅब नावाची जी जगद्विख्यात प्रयोगशाळा आहे तिच्या आवारात अणुकणांना वेग देण्यासाठी सुमारे चार मैल परिघाचे एक भूमिगत वर्तुळ खोदलेले असून, ते यंत्र थंड राखण्यासाठी केलेल्या पाण्याच्या कालव्यांनी त्याची कड आखलेली आहे. आणि या खंदकवजा पाण्याच्या आत माणसापेक्षा उंच वाढलेल्या गवताचे जे रान आहे ते निसर्गाने तेथे राखून ठेवलेले नसून, बिनपगारी माणसांनी मूठमूठ बी जमवून निर्माण केलेले आहे. पाण्याने वेढलेले म्हणून ते बेट, आणि गवताचा जुडगा म्हणूनही बेटच.

या प्रदेशाला ‘प्रेअरी’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत माळ. 1820 च्या सुमारास इलिनॉय प्रांतात असा माळ सुमारे 2 कोटी 20 लाख एकर होता. त्या गवताच्या मुळ्या दहा-बारा फूट खोल जात आणि त्यांनी विणलेल्या चिवट ढेपांपुढे लाकडी व बिडाचे नांगर हात टेकीत. परंतु 1837 मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने याच प्रांतात पोलादी फाळाचा नांगर घडविला, आणि पुढील दोन पिढ्यांत मक्याने तो सारा माळ गिळून टाकला. तत्पूर्वीच, 1833 च्या शिकागो तहान्वये, ज्या पोटावाटोमी आदिवासी लोकांच्या हातांनी हे माळ वेळोवेळी पेटविले जात, आणि त्या जाळण्यामुळेच माळांवर झाडोऱ्याचे आक्रमण होत नसे, त्या लोकांची पश्चिमेकडे पाठवणी झाली होती. 1978 साली प्रांतातील नैसर्गिक स्थळांची पाहणी पुरी झाली तेव्हा उत्तम स्थितीतील मूळ माळ अवघा 2,300 एकरांच्या आसपास उरल्याचे निष्पन्न झाले.

जो उरला तो कोठे उरला, हे मोठे उद्बोधक आहे. रेल्वेमार्गाच्या दुतर्फा, जेथे नांगर जाऊ शकत नव्हता. आणि पहिल्या वसाहतकरांच्या दफनभूमींत, जेथे नांगर जाऊ नये असे माणसाला वाटत होते. कोकणात वा मावळात देवाच्या धाकाने राखलेली देवराई ज्यांनी पाहिली आहे त्यांना या दुसऱ्या प्रकाराचे नवल वाटणार नाही. नॉर्थईस्टर्न इलिनॉय विद्यापीठातील जीवशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट बेट्झ (हे आडनाव मराठी कानाला बेटांचेच अनेकवचन वाटावे हा केवळ योगायोग) अशा दफनभूमी धुंडाळीत हिंडत असत. त्यांनी फर्मिलॅबचे संचालक रॉबर्ट विल्सन यांच्यापुढे वर्तुळाच्या आतल्या पडीत जमिनीवर माळ पुन्हा उभा करण्याची कल्पना मांडली, तेव्हा या कामास वीस-तीस वर्षेही लागतील हे ऐकून, तसे असेल तर आज दुपारीच आरंभ केलेला बरा, अशा आशयाचे उत्तर विल्सन यांनी दिल्याची आख्यायिका आजही सांगतात. 1975 मध्ये सुमारे दहा एकरांवर पहिली पेरणी झाली. तिचे बी आसपासच्या अवशिष्ट माळांवरून स्वयंसेवकांनी हातांनी खुडून आणलेले होते.

या कामाची पूर्वपीठिका नेपरव्हिलला लागूनच असलेल्या लाइल गावी, मॉर्टन आर्बोरीटम या वृक्षोद्यानात सापडते. तेथे रे शुलेनबर्ग यांनी 1962 पासून स्थानिक बियांची रोपे वाढवून ती एकेक करून जमिनीत लावली. त्याच संस्थेत निसर्गशिक्षणाचे कार्य केलेल्या आणि नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्या मे थीलगार्ड वॉट्स या विदुषीने 1963 मध्ये शिकागो ट्रिब्यून पत्रास एक पत्र लिहून, बंद पडलेल्या विद्युत्-रेल्वेची पट्टी बिल्डरांच्या घशात जाण्यापूर्वी ती पादचाऱ्यांसाठी राखावी अशी विनंती केली. वर्तमानपत्रास लिहिलेल्या पत्राने काही घडते यावर आमच्यासारख्या लेखकांचाही विश्वास उडालेला असतो; पण त्या पत्रातून बिनपगारी मंडळींची एक संस्था 1965 मध्ये उभी राहिली, आणि आज साठ मैलांहून लांब असलेली ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ ही वाट त्याची साक्ष देत आहे.

1977 मध्ये स्टीव्ह पॅकर्ड यांनी शिकागो नदीच्या उत्तर शाखेकाठच्या माळांसाठी नागरिकांची तुकडी जमविली, आणि त्यानंतर हे लोण जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले. त्यांचे काम पाहण्यास रम्य नाही. थंडीत बकथॉर्न नावाचे परदेशी काटेरी झुडूप, जे एके काळी कुंपणासाठी हौसेने आणले गेले, ते करवतीने कापावयाचे, त्याच्या खुंटावर पुन्हा फूट न यावी म्हणून औषध लावावयाचे, फांद्यांचे ढीग जाळावयाचे. वसंतात वा शरदात, रीतसर शिक्षण घेतलेल्यांच्या देखरेखीखाली, माळ पेटवावयाचा. उन्हाळ्यात तण उपटावयाचे. असे दहा-दहा वर्षे केल्यावर कोठे फरक दिसतो, आणि दोन वर्षे दुर्लक्ष झाले की बकथॉर्न परत येतो.

या मंडळींचा इतिहास सारा गोडच आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1996 साली शिकागो परिसरात त्यांच्याविरुद्ध मोठा गहजब झाला. वनालगत घरे असलेल्या लोकांना आपल्या खिडकीपुढील हिरवा पडदा एका रविवारी अकस्मात तुटलेला दिसला. सार्वजनिक जमिनीवरील जिवंत झाडे कोणाच्या हुकमाने तोडता, विष कोणाला विचारून लावता, असे प्रश्न सभांतून विचारले गेले, आणि सप्टेंबरात कुक जिल्ह्याच्या प्रशासनाने या कामास मनाई केली, ती काही ठिकाणी कित्येक वर्षे टिकली. आमच्या मते तक्रारदारांचे वनस्पतिशास्त्र चुकीचे होते, पण प्रश्न चुकीचा नव्हता. ज्ञान आपल्या पदरी आहे एवढ्यानेच शेजाऱ्याला न विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो, हा सुशिक्षित परोपकारी माणसाचा फार जुना भ्रम आहे. त्यानंतर परवाने, प्रशिक्षण, कामाचे आराखडे, हजेरीपट असे एक दप्तर स्वयंसेवकांच्या मागे लागले. त्याचा जाच कार्यकर्त्यांना होतो हे खरे. तरीही, ज्याला जाब विचारता येतो असा स्वयंसेवक, ज्याला तो विचारता येत नाही अशा साधुपुरुषापेक्षा आम्हास अधिक भरवशाचा वाटतो.

हे सारे मराठी वर्तमानपत्रात लिहिण्याचे प्रयोजन असे की आपल्याकडेही माळ आहेत, आणि महसुली दप्तरात त्यांच्या नशिबी बहुधा ‘पडीक’ हाच शेरा येतो. पडीक म्हटले की तेथे काहीतरी करणे हे पुण्यकर्म ठरते: कोणी कारखाना काढतो, आणि ज्याचे मन अधिक कोमल तो गिरिपुष्पाची झाडे लावून छायाचित्र काढवून घेतो. गवत हीच तेथील वनसंपदा आहे, झाड हे तेथे परके आहे, ही गोष्ट वृक्षारोपणाच्या सप्ताहात बोलण्याची सोय नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरील माळढोकाकडे बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या हौशी पक्षिनिरीक्षकाने लक्ष वेधल्यावर 1979 मध्ये जे अभयारण्य घोषित झाले ते कागदावर तब्बल 8,496 चौरस किलोमीटरांचे होते. त्यात शेते आली, गावे आली, आणि साहजिकच लोकांचा रोषही आला. पुढे ते आक्रसून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरांच्या घरात आणावे लागले, आणि आता तेथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. एका बाजूस लेखणीच्या एका फटकाऱ्याने संरक्षित झालेला जवळपास अख्खा मुलूख, आणि दुसऱ्या बाजूस हातांनी पेरलेले दहा एकर. पहिल्यात हुकूम होता आणि त्यामागे पुरेसे हात नव्हते. दुसऱ्यात आधी हात आले आणि एकराला एकर मागाहून जोडला गेला, तो हजार एकरांच्या आसपास पोहोचेपर्यंत. अभयारण्ये नकोत असा याचा अर्थ मुळीच नव्हे. येथील डूपेज जिल्ह्यातही 1915 पासून वनसंरक्षणाचे सरकारी खाते आहे, त्याने करातून जमीन विकत घेतली नसती तर नेपरव्हिलच्या दक्षिण भागातील अठराशे एकरांचा स्प्रिंगब्रुक माळ केव्हाच बंगल्यांखाली गेला असता, आणि तेथे बोबोलिंक पक्ष्याला घरटे करण्यास जागा उरली नसती. आमचे म्हणणे एवढेच की जमीन खरेदीखताने मिळते, पण कोणते रोप तण आणि कोणते मूळचे, हे ओळखणारी नजर खरेदीखतात येत नाही. ती त्याच माणसाने त्याच जागी वर्षानुवर्षे वाकून कमवावी लागते, आणि बदलीच्या नोकरीत ते घडणे कठीण आहे. सोलापूर, नगर, सासवड येथील एकेका कुरणाला, शंभर एकरांच्या का होईना, अशी दहा-दहा माणसे मिळावीत, त्यांना वनखात्याने लेखी परवाना द्यावा, आणि मेंढपाळांना त्या दहांत प्रथम घ्यावे, कारण गवताविषयी त्यांना जे कळते ते आम्हा पदवीधरांना कळत नाही.

फर्मिलॅबमधील ते थोर यंत्र 30 सप्टेंबर 2011 रोजी कायमचे बंद झाले. वर्तुळातील माळ मात्र चालू आहे. शरदात, आपल्याकडे घटापुढे धान्य रुजत घातलेले असते त्याच सुमारास, येथे बी खुडण्यासाठी माणसे जमतात. बिग ब्लूस्टेम गवताची तीन बोटांसारखी कणसे मुठीत धरून ओढली की बी तळहातात येते आणि कागदी पिशवीत पडते. आमच्या येथील मराठी कुटुंबांचे शनिवार-रविवार गणपतीपासून दिवाळीपर्यंत कार्यक्रमांनी खच्चून भरलेले असतात हे आम्हास ठाऊक आहे, आणि त्या तालमींना दांडी मारणाऱ्याकडे मंडळ कोणत्या नजरेने पाहते हेही. तरी एका सकाळी पिशवी घेऊन जाण्यास हरकत नाही. पायांत बूट मात्र उंच घालावेत, कारण तेथील गोचिडी मराठी-अमराठी असा भेद करीत नाहीत.