एअरब्रश आणि स्टोव्हची पिन

मैत्रिणींनो, साफसफाईच्या उत्साहात घरातल्या पुरुषमाणसाच्या वस्तूला आपण हात लावतो आणि मग काय होतं, हे प्रत्येकीनं एकदा तरी अनुभवलेलं असतं. माझ्यावर ही पाळी आली २०२५ च्या दिवाळीत.

आमच्या ह्यांची सारी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झाली. १९६४ साली तो कारखाना निघाला तोच मुळी मिग-२१ साठी, आणि ह्यांची उमेदीची वर्षं त्याच विमानाच्या कामात गेली. २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. त्या दिवशी हे धड जेवलेसुद्धा नाहीत. आठ दिवसांनी घरात एक खोकं आलं. त्यात प्लॅस्टिकच्या मिगचे सुटे भाग होते, खऱ्याच्या ७२ पट लहान. जवळजवळ १५ मीटरचं विमान वीतभर झालेलं! ते रंगवायला सोबत एअरब्रश. दिसायला जाडसर पेनासारखा. कॉम्प्रेसरच्या हवेनं रंगाचा धुक्यासारखा फवारा उडवतो.

सफाईत मला त्याच्या वाटीत वाळलेला करडा रंग दिसला. म्हटलं, ह्यांना मदत करू. रात्रभर तो अख्खाच्या अख्खा थिनरमध्ये बुडवून ठेवला आणि सकाळी तोंडाच्या भोकात पिन घातली. रॉकेलच्या स्टोव्हच्या निपलला पिन करून करून हात बसलेला ना! पण इथं ते भोक असतं ०.३ मिलिमीटरचं. त्याचं तोंड फाकलं, आतल्या रबरी रिंगा थिनरनं फुगल्या. ह्यांनी पाहिलं, "असू दे" म्हणाले आणि अर्धवट विमानावर फडकं टाकलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. सुटे भाग येईपर्यंत तीन आठवडे ते फडकं तसंच होतं. मग मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि शिकले.

एअरब्रशचा खटका खाली दाबला की हवा सुटते, मागं ओढला की आतली सुई मागं सरकते आणि रंग येतो. सुईचं टोक आणि नोझलचं तोंड, सगळा जीव एवढ्यातच. वाऱ्यानं रंग वाळतो तोही तिथंच. म्हणून काम संपलं की लगेच सफाई. 'उद्या बघू' चालत नाही.

१. उरलेला रंग ओतून वाटी पुसावी. पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक रंग असेल तर आधी पाणी, मग त्याचं क्लीनर. इनॅमल असेल तर त्याचं थिनर. थोडं थोडं घालून, फवारा स्वच्छ येईपर्यंत जुन्या टॉवेलवर उडवावं.

२. तोंडावर घडी केलेलं मऊ फडकं धरून खटका अगदी हलका दाबावा. हवा उलटी फिरून वाटीत बुडबुडे येतात आणि चिकटलेला रंग सुटतो. हे झालं की पुन्हा एकदा फवारा मारून घ्यावा.

३. मागचा नट सैल करून सुई सरळ मागं ओढावी. जाड बाजूकडून टोकाकडे फिरवत पुसावी. घालताना अडली की थांबावं. जोर केला तर नोझल चिरतं.

४. नोझल रोज काढू नये. काढायचंच तर ताटात काढावं, कारण काही नोझलं तांदळाच्या दाण्याएवढी असतात. मोरीत गेलं की गेलंच. तेवढंच थिनरमध्ये थोडा वेळ ठेवावं, रबर नाही. बसवताना फार आवळू नये.

५. फवारा एका बाजूला जातोय? सुईचं टोक कापसावरून हलकेच ओढून पाहा. तंतू अडकले तर टोक वाकलंय समजा.

६. सुईला ग्लिसरीनचा नुसता स्पर्श पुरे. खोबरेल नको, थंडीत गोठतं.

७. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि रंगावर थेंब पडतात. हवा सोडून खालच्या तोटीतून ते काढावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. थिनरची वाफ पेट घेते, म्हणून गॅसजवळ किंवा देवघरातल्या निरांजनाजवळ हे काम कधीही करू नका. खिडकी उघडी हवी. नाकाला रुमाल बांधून वाफ अडत नाही. वाफ शोषणारं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. थिनर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत मुळीच भरू नका, मोरीत ओतू नका. मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा. त्याची फडकी बोळा करून न टाकता बाहेर पसरून वाळवा. आणि केकवर रंग उडवणाऱ्या मैत्रिणींनो, त्यासाठीचा एअरब्रश वेगळाच ठेवा. असे रंग एकदा गेलेला एअरब्रश खाण्याला लावू नये.

विमान आता शोकेसमध्ये आहे, दुसरं टेबलावर आलंय. रंग हे देतात, पण काम संपलं की सुई काढून माझ्यापुढं धरतात. ती पुसायचं काम माझ्याकडे आहे. स्टोव्हची पिन मात्र मी माळ्यावर टाकली आहे!