नेट होतं, नावं हरवली होती

१५ जुलै २०२५, मंगळवार. इथे पुकेकोहेत सकाळचे ९ वाजून ५२ मिनिटं, म्हणजे ऐन कामाची वेळ. भारतात तेव्हा पहाटेचे ३:२२, त्यामुळे तिकडे फारशा कुणाला पत्ताच लागला नसेल. पुढची ६२ मिनिटं क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही सेवा जगभर बहुतेकांसाठी बंद होती.

घरातला राउटर, म्हणजे गेटवे, दोन वेगळी कामं करतो. एक, पाकीट कोणत्या रस्त्याने पाठवायचं ते ठरवणं. दुसरं, वेबसाइटच्या नावाचा आकडी पत्ता विचारून घेणं. १.१.१.१ हा असा पत्ते सांगणारा, कोपऱ्यावरच्या पानवाल्यासारखा. त्या दिवशी पानवाला दुकानातच होता. त्याच्या गल्लीकडे जाणारे रस्ते मात्र नकाशावरून गायब झाले. बाकी सगळे रस्ते मोकळे होते, पण नावावरून जायचं तर कुठे जायचं तेच कळेना.

कारण कंपनीनेच नंतर सविस्तर सांगितलं. ६ जूनला, अजून सुरूही न झालेल्या दुसऱ्या एका सेवेच्या मांडणीत १.१.१.१ चे पत्ते चुकून जोडले गेले. महिनाभर काहीच बिघडलं नाही. मग त्या सेवेला चाचणीसाठी एक नवं ठिकाण जोडलं, मांडणी जगभर नव्याने लागू झाली, आणि या पत्त्यांचे मार्गच मागे घेतले गेले. ना हल्ला, ना केबल तुटली.

आपल्या लोकांसाठी यात एक उपकथानक आहे. दोनच मिनिटांत टाटा कम्युनिकेशन्सच्या नेटवर्ककडून हाच पत्ता जाहीर होताना दिसू लागला. भारतीय कंपनीने पत्ता पळवला, असा निष्कर्ष काढणं अगदी सोपं होतं. पण क्लाउडफ्लेअरनेच स्पष्ट केलं, की बिघाडाचं कारण ते नव्हतं. खरे मार्ग हटल्यावर ही वेगळीच गडबड उघडी पडली. तरी प्रश्न उरतोच: दुसऱ्याच्या नावावरचा पत्ता इतक्या सहज जाहीर होतो कसा? मार्गांची मालकी तपासणारी आरपीकेआय पद्धत आहे, पण ती सगळीकडे काटेकोरपणे लावलेली नाही.

मला जास्त खटकलं ते आपलं घरचं गणित. राउटरमध्ये पहिला १.१.१.१ आणि दुसरा १.०.०.१ टाकायचा, झालं, दोन आधार! मीही वर्षानुवर्षं हेच करत आलो. पण दोन्ही एकाच कंपनीचे, आणि त्या तासात दोन्ही एकदमच गेले. दुसरा आधार दुसऱ्याच संस्थेचा हवा: ९.९.९.९ घ्या, ८.८.८.८ घ्या, नाहीतर तुमच्या सेवादाराचा स्वतःचा.

पुण्यातल्या आईबाबांच्या राउटरवर आता मी तसंच केलंय. एक अडचण मात्र आहे. मुलांसाठी गाळणी लावलेला १.१.१.३ पहिला आणि साधा ८.८.८.८ दुसरा ठेवला, तर गाळणी गळते, कारण बरेच राउटर दोघांनाही विचारतात. तिथे दुसराही गाळणीवालाच शोधावा लागतो.