पदवीचे पाकीट आणि कापसाचा हिशोब



बारावीचा निकाल लागला की घनसावंगीच्या स्टँडवर, कुंभार पिंपळगावात, तीर्थपुरीत रंगीत फलक लागतात. बियाण्याची जाहिरात आणि कॉलेजची जाहिरात एकाच भिंतीवर, एकाच महिन्यात. दोघांचे गिऱ्हाईक एकच, आपण. बी.एस्सी. बायोकेमिस्ट्री, बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी, नोकरीची हमी!

गेल्या साली एक बाप आमच्याकडे आला. पाच एकर कोरडवाहू, त्यातले एक एकर विकायला काढलेले. पोरगी हुशार, तिला बायोकेमिस्ट्री शिकायची आहे. लांबच्या एका खासगी विद्यापीठाच्या एजंटाने जागा "धरून ठेवली" आहे. आम्ही विचारले, "दादा, विहीर घ्यायच्या आधी चार माणसांना विचारता. इथे कोणाला विचारले?" ते म्हणाले, "साहेब, विचारायचे कोणाला?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे शास्त्र वाईट नाही. ते आपल्याच रानातले आहे. कोवळी ज्वारी जनावराला बाधते ती तिच्यातून सुटणाऱ्या सायनाइडमुळे. सरकीतले गॉसिपॉल गाय पचवते, कोंबडीला पचत नाही. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा आम्ही परभणीला कृषी पदवीच्या वर्गात होतो. जिवाणूतल्या एका प्रथिनाचे जनुक कपाशीत घातले, बोंडअळी मेली, आणि ४५० ग्रॅमचे पाकीट १,६०० रुपयांच्या घरात गेले. त्यातला मोठा वाटा बियाण्याचा नव्हता, जनुकाच्या मालकाचा होता. पुढे गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला जुमानेनाशी झाली, २०१७ साली बोंडे पोखरली गेली, तरी आपल्याला कारण सांगायला आपल्या घरातला माणूस प्रयोगशाळेत नव्हता. म्हणून आमचे म्हणणे, पोरांनी हे शिकलेच पाहिजे. पण एकर विकून नाही.

आता हिशोब करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल जाहीर झाला. तो मिळाला असे धरू, जरी व्यापारी ओलावा दाखवून तो देत नाही. समजा खासगी विद्यापीठाची फी वर्षाला एक लाख, आणि शहरात खोली-मेस महिन्याला सहा हजार, दहा महिने. वर्षाचे झाले १,६०,०००. तीन वर्षांचे ४,८०,०००, म्हणजे ६२ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर बारा एकरांचे सगळे पीक, तेही बियाणे, खत, फवारणी, वेचणी फुकट झाली असे समजून! नव्या शैक्षणिक धोरणाने चौथे वर्षही आणले आहे. ते केले तर आणखी २१ क्विंटल.

यात फी एक लाख आहे तसे खोली-मेस साठ हजार आहे, हे विसरू नका. सरकारी कॉलेजची फी कमी म्हणून पोर मुंबईला पाठवले तरी हा खर्च सुटत नाही. तोच विद्यार्थी जालन्याच्या अनुदानित कॉलेजात गेला तर फी थोडी, चौघांत एक खोली, आणि पीठ-डाळ घरची.

मग महाग पदवीला भाव जास्त मिळतो का? दारे मोजू. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला २०१५ पासून पदवीची अट आली. यादीत कृषी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी आहे, आणि रसायन, वनस्पती किंवा प्राणिशास्त्र घेतलेली साधी बी.एस्सी.सुद्धा आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला २०११ च्या नियमांप्रमाणे बायोकेमिस्ट्रीची पदवी चालते, रसायनवाल्याला मात्र एम.एस्सी. लागते. इथे नावाला किंमत आहे, हे मान्य. पण त्याच यादीत कृषी पदवीही आहे. अकरावी-बारावीला रसायन आणि जीवशास्त्र हे विषय आहेत, बायोकेमिस्ट्री नावाचा स्वतंत्र विषय नाही. रक्त तपासणीच्या कामाला डीएमएलटी मागतात. म्हणजे या शास्त्राची खरी किंमत सुरू होते एम.एस्सी.नंतर. तिथवर जायला पहिली तीन वर्षे सोन्याच्या भावाने घ्यायची काय गरज? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

आमचा सल्ला असा. जवळच्या अनुदानित कॉलेजात रसायन मुख्य घेऊन, जोडीला जीवशास्त्राचा विषय ठेवून बी.एस्सी. करा. मग छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीची एम.एस्सी. आहे. केंद्राची गॅट-बी परीक्षा आहे, तिच्यातून बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.ला निवड झाली तर विद्यावेतन मिळते. तिथल्या प्रवेशाच्या अटी पहिल्याच वर्षी वाचून विषय ठरवा.

आणखी एक फसवणूक ओळखा. एजंट म्हणतो, "मुलींना फी माफ आहे." २०२४ साली राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे खरे. पण खासगी आणि अभिमत विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. हे तो सांगत नाही. तो बँकेचे कर्ज मात्र सांगतो. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या शेतीकर्जाच्या होत्या. पोराच्या शिक्षणाच्या कर्जाला त्यांत जागा नव्हती.

सरकारलाही सोडायचे नाही. अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्या पोरांना तासिका तत्त्वावर रोजंदारासारखे राबवायचे, प्रयोगशाळेत काचेची भांडी सोडून काही द्यायचे नाही, आणि मग म्हणायचे, दर्जा हवा तर खासगीत जा. कापूस खरेदी केंद्र उशिरा उघडून शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या दारात नेतात, तीच ही चाल.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्या मांडतो. जिल्ह्यातल्या अनुदानित विज्ञान महाविद्यालयांतील रिक्त जागा भरा. प्रयोगशाळांना यंत्रे आणि ती चालवायला माणूस द्या. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुला-मुलींना साध्या बी.एस्सी.लाही राहण्या-जेवणाचा भत्ता द्या. शेतकऱ्याच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांपाशीच का थांबावी?

आणि आपल्यासाठी एक नेम. प्रवेशाचा पैसा देण्याआधी कॉलेजात स्वतः जा. कायम शिक्षक किती ते विचारा, प्रयोगशाळा उघडून बघा, आणि मागच्या तीन वर्षांत पास झालेल्या पाच मुलांची गाठ घ्या. बियाणे उगवण बघून घेतो, तशी पदवीही घ्यायची.

त्या बापाच्या पोरीने जालन्यात प्रवेश घेतला. ती रसायन शिकते आहे. यंदा त्या एकरात तूर उभी आहे.