झाकलं इंजिन सव्वा लाखाचं

इंजिनाचं पुढचं कव्हर काढणं हे 'आपलं काम नाही' असं वाटणाऱ्या समस्त इंजिनीयर मंडळींसाठी हा लेख आहे. म्हणजे बहुतेक तुमच्यासाठीच!

आठवडाभर आपण दुसऱ्याचा कोड उघडून वाचतो, ओपन सोर्सवर तावातावाने वाद घालतो. स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडायचं म्हटलं की मात्र हात मागे. आपट्याच्या घरी अंगणात मी जुन्या मारुती ८०० ला हात घातला की शेजारचे काका हमखास विचारतात, "काय रे, पगार झाला नाय का?"

बरं, त्या कव्हरमागे असतं तरी काय? आडव्या इंजिनाची 'पुढची' बाजू म्हणजे खरं तर चाकाकडची. गाडी उचला (नुसत्या जॅकवर नको, स्टँड हवाच), चाक काढा, बाहेरचा पट्टा आणि क्रँकची पुली काढा, मग कव्हरचे बोल्ट. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून बोल्ट जागच्या जागी खोचा. आत दोन दातेरी चाकं आणि एक रबरी टायमिंग बेल्ट. चिरा पडल्यात का, सीलमधून ऑइल झिरपतंय का, हे साध्या डोळ्यांनी दिसतं.

जोखीम आहेच. खुणा न जुळवता बेल्ट बसवला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. चेनवाल्या इंजिनाचं कव्हर ऑइलही अडवतं, तिथे नवशिक्याने घुसू नये. मान्य. पण म्हणून बघायचंसुद्धा नाही? एका गॅरेजने मला दोनदा बेल्ट बदलल्याचं बिल लावलं, जुना बेल्ट एकदाही दाखवला नाही. न बघणाऱ्यांच्या जिवावरच हे चालतं.

"वॉरंटी जाईल" हा दुसरा बागुलबुवा. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. कारण? सुटे भाग, हत्यारं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकपासून अडवून ठेवणं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते सोडा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टलही काढलं. आपल्यातल्या किती जणांनी ते उघडून पाहिलंय?

असो. पाना हातात घ्यायचा नसेल तर नका घेऊ. निदान पुढच्या वेळी जुना बेल्ट तरी मागून घ्या!