संकेतस्थळाचा सातबारा कोणाच्या नावावर?

पोखर्णी हे परभणी जिल्ह्यातील गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे परिचित आहे. अशा गावातील सेवा सहकारी सोसायटीला, शाळेला किंवा वाचनालयाला आज स्वतःचे संकेतस्थळ असावेसे वाटले, तर ते रास्तच म्हटले पाहिजे. सभेची सूचना आणि वर्षाचा ताळेबंद सभासदाला घरबसल्या वाचता आला, तर माहितीवरील मूठभर पदाधिकाऱ्यांची मक्तेदारी सैल होते. मात्र हे संकेतस्थळ ज्या होस्टिंग कंपनीच्या हवाली करायचे, तिची निवड बहुधा एकाच निकषावर होते: स्वस्त कोण?

बड्या भांडवलापेक्षा लहान कंपनी बरी, असा कार्यकर्त्यांचा सहज कल असतो. तो चुकीचा नाही. परभणीचा किंवा नांदेडचा लहान व्यावसायिक मराठीतून फोन घेतो आणि दहा ग्राहक गेले तर त्याची चूल अडते. बड्या कंपनीच्या लेखी ग्राहक हा केवळ एक क्रमांक असतो. परंतु या धंद्यात नावे पुष्कळ आणि मालक थोडे आहेत. मुंबईच्या डायरेक्टी समूहाचा होस्टिंग व्यवसाय, त्यातील बिगरॉकसह, २०१४ साली एन्ड्युरन्स या अमेरिकन कंपनीकडे गेला. ती कंपनी २०२१ साली न्यूफोल्ड डिजिटलमध्ये विलीन झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात एन्ड्युरन्सच्या एका केंद्रात बिघाड झाला, तेव्हा ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर आणि जस्टहोस्ट या चारही नावांचे ग्राहक एकदमच अडचणीत आले. दुकानाच्या पाट्या चार, वखार मात्र एक! लहान व्यावसायिकही पुष्कळदा बड्या कंपनीकडून घाऊक जागा घेऊन ती किरकोळीने विकतो. त्यात गैर काही नाही. पण यंत्रे कोणाची व कोठे आहेत, हे त्याने विचारताक्षणी सांगितले पाहिजे.

नाममात्र दरात ‘अमर्याद’ जागा देऊ करणाऱ्याविषयी साधा हिशेब करावा. यंत्र, वीज आणि माणूस यांचा खर्च अमर्याद नसतो. बहुतेक ग्राहक फारसे काही वापरणार नाहीत, या अंदाजावरच ते आश्वासन उभे असते. पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी वसूल होते. म्हणून नूतनीकरणाचा दर आधी लेखी घ्यावा.

आगाऊ रकमेचा धोका याहून मोठा आहे. नेट फोर इंडिया या कंपनीवर २०१९ साली दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. हजारो ग्राहकांना आपल्या संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण करता येईना की ते नाव दुसरीकडे नेता येईना. अखेर २०२१ साली आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिची मान्यता काढून घेऊन ती नावे दुसऱ्या कंपनीकडे वर्ग केली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत तारणधारक धनकोचा हक्क आधी येतो. आगाऊ पैसे भरलेला ग्राहक रांगेत बराच मागे उभा असतो. पाच वर्षांचे पैसे एकदम भरून मिळणारी सूट म्हणजे संस्थेने कंपनीला दिलेले विनातारण कर्जच होय.

मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे कळायला कठीण नाही. जमीन कसणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचे, या दुःखाशी त्याचा जुना परिचय आहे. संकेतस्थळाचे नाव हा त्याचा सातबारा आणि होस्टिंग ही भाड्याची जागा. नाव संस्थेच्याच नावे नोंदलेले असावे. ते त्या तरुणाच्या किंवा कंपनीच्या नावे नसावे. नोंदणीसाठी दिलेला ईमेल संस्थेचा असावा आणि परवलीचा शब्द दोन पदाधिकाऱ्यांपाशी सुरक्षित असावा. साऱ्या मजकुराची प्रत दरमहा संस्थेच्या कपाटात यावी. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली, तेव्हा ज्यांची प्रतही त्याच आवारात होती अशा ग्राहकांचे मूळ आणि प्रत दोन्ही नष्ट झाले. बडेपणा हीही सुरक्षिततेची हमी नव्हे.

करार करण्यापूर्वी कंपनीला एक प्रश्न अवश्य विचारावा: उद्या आम्ही दुसरीकडे जायचे ठरवले, तर नाव आणि मजकूर किती दिवसांत आमच्या हाती द्याल? जो पहिल्याच दिवशी याचे सरळ व लेखी उत्तर देतो, तो लहान असो वा मोठा, विश्वासास पात्र आहे. जो टाळाटाळ करतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो महागच पडेल. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी ताळेबंदाबरोबर एवढेही विचारावे, की आपले संकेतस्थळ कोणाच्या नावावर आहे?