पंधरा तासांत पोचतो...

परवा एका मित्राला बे एरियातली ऑफर आली. सांगलीला घरी फोन लावला तर आईचा पहिला प्रश्न, "किती लांब रे ते?" पठ्ठ्याने जागेवर हिशोब केला. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर, विमान ताशी ९०० ने जातं, म्हणजे पंधरा तास. "काही झालं तर दुसऱ्या दिवशी दारात हजर, आई!"

गणित बरोबर, उत्तर चूक.

मंडळी, साडेतेरा हजार हा पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मिळणारा आकडा. तो दोरा हिमालय, सायबेरिया, आर्क्टिक करत अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. विमान काही दोऱ्यावरून जात नाही. खाली कुठला देश आहे आणि वर वारा कसा आहे, यावर त्याचा रस्ता ठरतो.

वाऱ्याचं म्हणाल तर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जायला येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोचलं होतं! आणि देशांचं म्हणाल तर हेलसिंकी-टोकियो बघा. अंतर ७,८०० किलोमीटर, वेळ साडेनऊ तासांच्या आसपास. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ जागच्या जागी, अंतर तेवढंच.

आपण कोड लिहिणारी माणसं. फाईलचा साईज भागिले नेटचा स्पीड म्हणजे डाऊनलोडचा वेळ, असं आपण कुणाला सांगतो का? मग इथेच का फसतो?

आता खरा हिशोब. आयत्या वेळी मिळेल ते तिकीट, म्हणजे बहुतेक मध्ये एक थांबा: बावीस-चोवीस तास. आधी विमानतळावर तीन तास. मुंबईत इमिग्रेशन आणि बॅगा. मग सांगलीपर्यंत गाडीने सात-आठ तास. झाले की नाही पस्तीस? त्यात घड्याळ साडेबारा-साडेतेरा तास पुढे. म्हणजे सोमवारी सकाळी निघालेला माणूस बुधवारी सकाळी घरी. तेही व्हिसाचं काही अडलं नसेल तर.

जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. जरूर जा. पण आईला "पंधरा तास" सांगू नका. "दोन दिवस लागतील" असं सांगा, आणि त्या दोन दिवसांत घरी कोण धावून येईल, हे निघण्याआधी ठरवा. शेजारच्या काकांकडे किल्ली, डॉक्टरांचा नंबर, गावातला एखादा मित्र.

किलोमीटर आपल्या हातात नाहीत. खरं सांगणं आहे.

बघा पटतंय का.